टिटवीछाप गांधीलमाशी

नेमिनाथ मगदूम माणसांशी बोलायला बिचकत, पण पत्राला उत्तर देण्यात त्यांचा हात धरणारं सांगली-मिरजेत कुणी नव्हतं. वाचनालयाचं निमंत्रण असो, की कुणा अनोळखी माणसानं एखाद्या जुन्या पुस्तकाची केलेली चौकशी असो, कुपवाडच्या कारखान्याच्या माडीवर बसून ते दोन ओळी लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत आणि पाठवून देत. उत्तर न गेलेलं पत्र आयुष्यात एकच. ते टांझानियातल्या टांगा नावाच्या बंदरातून आलं होतं, आणि आलं तो आठवडा वाईट होता.

पत्र जुवेना म्सांगी नावाच्या बाईचं होतं. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून भांडी ओतायची, हा तिचा धंदा. तिनं आडवळण न घेता लिहिलं होतं :

"तुमचे टिटवीछाप कुकर आमच्या गावात घरोघर आहेत. अंग वर्षानुवर्षं टिकतं, झाकण मात्र पडून वाकतं, आणि तुमचं नवं झाकण इथे मिळत नाही. म्हणून मी झाकण ओतते आणि वर तुमचं पाखरू उमटवते. पाखरू नसलं तर गिऱ्हाईक हात लावत नाही. ही चोरी आहे का, मला ठाऊक नाही. हो म्हणा, नाहीतर नको म्हणा. पण कळवा."

त्याच आठवड्यात नेमिनाथांचा मुलगा सम्मेद मोंबासाहून परतला होता, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून. तिथे एक नकली टिटवी कुकर फुटून एक बाई आणि तिची दोन लेकरं दगावली होती. हा कुकर आमचा नव्हे, हे सांगायला सम्मेद तिच्या घरी गेला. बाईच्या भावानं तेच फाटलेलं झाकण उचललं. "पाखरू तुझंच ना हे? मग घे!" म्हणत त्याच्या तोंडावर हाणलं. डोळा गेला तो गेलाच.

नेमिनाथ 'हो' लिहायला बसले की मुलाची पट्टी समोर येई. 'नको' लिहायला बसले की त्या बाईचा सरळपणा आडवा येई. शेवटी पत्र खणात गेलं. आपल्याला एवढंही ठरवता येत नाही, ही त्यांची स्वतःबद्दलची जुनी तक्रार आणखी एक इंच वाढली.

टिटवी त्यांच्या वडिलांनी निवडली होती. टिटवी ओरडणं अशुभ, दुसरा पक्षी घ्या, असं सगळ्या भावकीनं सांगून पाहिलं. वडील म्हणाले, "कुकर ओरडला की घरात अन्न शिजलं. ह्यात अशुभ काय आलं?" पुढे ती टिटवी आखाती देशांत गेली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली. वडिलांनी मृत्युपत्रात कारखाना नातवाच्या नावे केला. टिटवीची खूण मात्र मुलाच्या, म्हणजे नेमिनाथांच्या, नावे ठेवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि नेमिनाथांनी विचारलं नाही.

डोळा गमावल्यावर नकली टिटवीवाल्यांना कोर्टात खेचण्यापलीकडे सम्मेदला दुसरं काही सुचेना. पण व्यापारी खुणेच्या कायद्याची एक मोठी खोड असते. खूण नोंदवावी त्या देशापुरतीच ती तुमची. सीमा ओलांडली की तुमची टिटवी रानातली टिटवी. जो आधी पकडेल त्याची. एका देशात कुणी भामट्यानं ती आधीच नोंदवून ठेवलेली, दुसऱ्या देशात खटला नुसताच रेंगाळलेला. निकाल लागेपर्यंत नकली माल करणारा नाव बदलून शेजारच्या बंदरात गेलेला.

"आण्णा, आपण कोर्टात जिंकतोय आणि ते बाजारात," सम्मेद म्हणायचा. "लोक मरतात त्यांच्या कुकरनं, शिव्या पडतात आपल्या पाखराला."

मग खूणकरार आला. चाळीस-एक देशांनी मिळून ठरवलं, की एका ठिकाणी नोंदवलेली खूण सगळीकडे चालेल, आणि नकली माल नष्ट करायला पोलीस नव्हे, यंत्रं जातील. ती यंत्रं रॉटरडॅमच्या एका कंपनीनं बनवली होती. लांबीला करंगळीएवढी, उडताना भुणभुणणारी. कराराच्या कागदात त्यांना लांबलचक नाव होतं. लोक त्यांना गांधीलमाशी म्हणू लागले. ती कोणाची, हे कळावं म्हणून प्रत्येक माशीच्या पोटावर खुणेच्या मालकाची छाप असलीच पाहिजे, असा नियम होता. मगदुमांच्या माश्यांच्या पोटावर टिटवी होती.

प्रात्यक्षिक कारखान्यातच झालं. सम्मेदची आई चंपाबाई पदराचं टोक तोंडाशी धरून दारात उभी राहिली.

"वाटेवरची मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारी माणसं आपण," ती म्हणाली. "आणि आता घरात गांधीलमाश्या पाळताय होय?"

"आई, ह्या भांड्याला डसतात. माणसाला नाही."

"गांधीलमाशीला कोण सांगणार ते?"

सम्मेद हसला. टेबलावर एक नकली कुकर होता. माशी झाकणावर बसली, निळसर ठिणगी चमकली आणि माशी उडाली. झाकणावर पाऱ्यासारखा एक थेंब तेवढा राहिला.

त्यातलं शास्त्र नेमिनाथांनी आधीच वाचून ठेवलं होतं. ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेनं धरलेली एक पातळ, कडक साय असते. ती शाबूत आहे तोवर त्या धातूला सहसा काही बाधत नाही. भांड्यावर टिटवी दिसली, की माशीच्या डोक्यातला लेसर त्या सायीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका जाळतो. जळताना जो प्रकाश निघतो, त्याच्या रंगांवरून धातूत काय काय आहे ते कळतं. मगदुमांचं ॲल्युमिनियम पहिल्यापासून एकाच खाणीतलं. त्या मातीत दोन दुर्मीळ मूलद्रव्यं एका ठरावीक प्रमाणात होती, आणि ते प्रमाण दुसरीकडे कुठे जुळत नव्हतं. रंग जुळले, की माशी निघून जाते. नाही जुळले, तर सोंडेतून गॅलियमचा थेंब त्या उघड्या ठिपक्यावर ठेवते. गॅलियम तळहातावर लोण्यासारखा वितळणारा धातू. साय फाटली असली, की तो ॲल्युमिनियमच्या कणाकणांमधल्या फटींत झिरपत जातो. भांडं दिसायला तसंच राहतं. आतून त्याची खारी झालेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्मेदनं ते झाकण उचललं आणि दोन बोटांत दाबलं. त्याचा चुरा झाला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. सम्मेदच्या उरलेल्या डोळ्यात जे आनंदाचं पाणी आलं, ते पाहून नेमिनाथांनीही टाळी वाजवली.

रॉटरडॅमच्या अभियंत्यानं पडद्यावरून शेवटची विचारणा केली. दुकानांबरोबर खानावळीही करारात होत्या. तिथली भांडी वापरात नसताना, थंड असताना डंख व्हायला हवा, म्हणजे सकाळी उचलताना ती निमूटपणे चुरगळतील. तर चुली थंड केव्हा असतात?

सम्मेदनं वडिलांकडे पाहिलं. स्वयंपाकाची भांडी हा त्यांचा जन्माचा विषय. आणि ज्यांना दोन शब्दही दहा वेळा तपासून बोलायची सवय, त्या नेमिनाथांना पहिल्यांदाच जराही शंका वाटली नाही.

"दिवस मावळल्यावर," ते म्हणाले.

मगदुमांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. पिढ्यान्‌पिढ्या नाही. पणजोबांनी ते व्रत घेतलं होतं, मग ती घरची रीत झाली, मग कारखान्याच्या कँटीनचीही. संध्याकाळी चुली सारवून, भांडी घासून पालथी घातलेली, हेच चित्र त्यांनी सत्तर वर्षं पाहिलं होतं. जगात दुसरं काही असू शकेल, हे त्या क्षणी त्यांच्या मनातही आलं नाही. अभियंत्यानं ते नोंदवून घेतलं.

पुढच्या काही महिन्यांत आखाती बाजारांतून नकली टिटवी नाहीशी झाली. दुकानदार सकाळी फळ्या उघडत, तर मांडणीवर राखाडी भुगा. मस्कतहून, जिबुतीहून मागण्या येऊ लागल्या. मग माश्यांची पेटी टांगा बंदराला जायची ठरली.

"मी येऊ का रे बरोबर?" नेमिनाथांनी विचारलं.

"तुम्ही? तुम्ही मिरज स्टेशनवर जायचं तर आदल्या दिवशी झोपत नाही!"

"बघावं म्हटलं एकदा."

पत्राबद्दल ते बोलले नाहीत. सम्मेदला ते ठाऊकच नव्हतं.

टांग्यात मगदुमांचा माल विकणारे कासमअली म्हणून एक व्यापारी होते. त्यांच्या गोदामात मुक्काम पडला. सम्मेद पेटी उघडण्याच्या परवान्यासाठी बंदरावर गेला. पेटी उघडली, की सूर्य बुडताच माश्या आपोआप सुटणार होत्या. नेमिनाथ फिरून येतो म्हणून निघाले. पत्ता त्यांना पाठ होता. तिथे जाऊन काय बोलायचं, ते मात्र सुचलं नव्हतं.

भंगाराच्या ढिगामागे एक पत्र्याची शेड. आत मूस तापलेली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई साच्यातून झाकण काढत होती. शेडच्या पुढच्या अंगाला तिच्या धाकट्या बहिणीची खानावळ होती. चार बाकं आणि दोन मोठ्या चुली. बहिणीचं नाव आशा. ते नाव ऐकून नेमिनाथांना उगीचच घरच्यासारखं वाटलं.

"बसा, म्झे," जुवेना इंग्रजीत म्हणाली. वडीलधाऱ्याला तिकडे म्झे म्हणतात. "झाकण हवंय?"

"नाही. बघतोय."

"हिंदुस्थानातून आलात? मग हे पाखरू तुमच्याकडचंच." तिनं ताजं झाकण पुढे धरलं. "आमच्याकडे येऊन जरा जाड झालंय. अन्न चांगलं आहे इथलं."

झाकणावर टिटवी होती, खरोखरच गुटगुटीत. तिच्या पायाशी हातोड्याची एक लहानशी खूण.

"हे काय?" नेमिनाथांनी बोट ठेवलं.

"ती माझी. झाकण वाईट निघालं तर कुणाच्या दारात येऊन भांडायचं, ते लोकांना कळायला नको?" ती हसली. "पाखराच्या मालकाला मी पत्र लिहिलं होतं. फार मोठी माणसं असावीत. परत गेलात की सांगा त्यांना, नको म्हणायला पण शाई लागते, पण थोडीच लागते."

आशा चुलीवरून ओरडली, "त्या म्हाताऱ्याला छळू नकोस ग! खाऊ घाल त्याला काहीतरी."

नेमिनाथांना बोलायचं होतं. त्यांनी चहा तेवढा घेतला. सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता ऊन उतरलं. चहाचे कप तीन झाले आणि दिवस मावळला.

आणि खानावळीत माणसं येऊ लागली.

आधी त्यांना त्याचा अर्थ लागेना. बंदरावरची एक पाळी सुटली होती आणि दुसरी चढणार होती. हमाल, गोदीतले कारकून, ट्रकवाले बाकं धरून बसले. आशानं दोन्ही चुली फुंकल्या. राजम्याच्या उसळीचा भलामोठा कुकर जाळावर चढवला. समोरच्या खानावळीत दिवे लागले, तिच्या पलीकडच्या खानावळीतही. रस्ताभर चुली पेटल्या. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. गावाचा स्वयंपाक आत्ता सुरू होत होता.

'दिवस मावळल्यावर.' आपलेच शब्द नेमिनाथांच्या कानात वाजले आणि त्यांच्या हातातला कप सांडला.

भुणभुण आली. माशी पत्र्याच्या कडेवरून खाली उतरली आणि तापलेल्या कुकरच्या झाकणावर बसली. निळी ठिणगी. थंड भांड्यात गॅलियमला रात्र लागते. तापलेल्या, वाफेनं ताणलेल्या धातूत तो सुरीसारखा धावतो. हेही त्यांनी वाचलं होतं.

ते उठले. इंग्रजी शब्द सापडेना. "सोड!" ते मराठीत ओरडले. "लांब हो, पोरी! लांब हो!"

आशानं मान वळवून पाहिलं. म्हाताऱ्याला काय झालं, असा चेहरा. तिच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं.

झाकण फुटलं.

आवाजानं पत्रे हलले. उकळती उसळ चहूकडे उडाली, बाकांवरची माणसं किंकाळ्या फोडत आडवी झाली. झाकणाचा अर्धा तुकडा छपरातून आरपार गेला. दुसऱ्या अर्ध्यानं आशाचा गळा चिरला. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात गळ्याला लावले, आणि बोटांच्या फटींतून रक्त तिच्या मांडीवर, चुलीवर, राखेत पडत राहिलं. राखेतून चरचर आवाज येत होता. जुवेना धावत आली. तिनं पंज्यानं ती जखम दाबून धरली आणि बहिणीच्या नावानं ओरडत राहिली. आशाचे डोळे तेव्हाच थांबले होते.

रस्त्याच्या टोकाला दुसरा धमाका झाला. मग बंदराच्या बाजूला तिसरा. मग मोजायला कुणी उरलं नाही.

एका ट्रकवाल्यानं माशी टोपीखाली पकडून दगडानं ठेचली. तिचं पोट उताणं झालं. त्यानं ते दिव्याखाली धरलं, आणि पोटावरचं पाखरू सगळ्यांना दिसलं. झाकणावरच्या पाखरासारखंच. फक्त सडपातळ.

त्याच वेळी वडिलांना शोधत सम्मेद आला. कासमअलींच्या गाडीतून. गाडीच्या दोन्ही अंगांवर हातभर टिटवी रंगवलेली होती.

पुढचं फार वेगानं झालं. दगडांनी काचा फुटल्या. लोकांनी चालकाला ओढून काढलं आणि लाथांखाली घेतलं. सम्मेद दाराशी पाना घेऊन उभा राहिला. जो पहिला अंगावर आला, त्याच्या जबड्यावर त्यानं पाना घातला. हाड मोडल्याचा आवाज नेमिनाथांना स्पष्ट ऐकू आला. तो माणूस आशाच्या वयाचा असेल. तो खाली पडल्यावरही सम्मेद हाणतच होता. "तुम्ही लोकांनी माझा डोळा घेतला!" तो मराठीत ओरडत होता. "डोळा घेतला माझा!" त्या गावानं त्याचं काहीच घेतलं नव्हतं.

नेमिनाथांनी त्याच्या पाठीला मिठी मारली. एक दगड त्यांच्या कानशिलाला लागला. बंदरावरच्या पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या, गर्दी फाकली, आणि त्या फटीतून बापलेक पळाले. मागे गाडी पेटली.

कासमअलींनी गोदामाचं शटर ओढून घेतलं. चालकाचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. बाहेर अधूनमधून धमाके होतच होते.

"वेळ बदलली की झालं," सम्मेद येरझाऱ्या घालत म्हणाला. त्याच्या शर्टावर दुसऱ्याचं रक्त होतं. "पहाटेची करायची. मी रॉटरडॅमला कळवतो."

त्यानं कळवलं. उत्तर लगेच आलं, यंत्रानं दिलेलं. पूर्वी नकली माल करणारे मालकांच्या लेकरांवर बंदूक रोखून माश्या परत बोलवायला लावत, म्हणून मालकाच्या सांगण्यावरून काहीही बदलत नाही. कराराच्या मंडळापुढे सुनावणी होईल. तारीख तीन आठवड्यांनंतरची.

"तीन आठवडे," नेमिनाथ म्हणाले. "रोज संध्याकाळी."

"गावात दवंडी पिटू. कुकर लावू नका म्हणून."

"मस्कतमध्ये? जिबुतीत? तिथे काय झालं असेल, ते तरी ठाऊक आहे का आपल्याला? आजवर दुकानांतच डसल्या म्हणून निभावलं असेल. सम्मेद, एक मार्ग आहे."

"काय?"

"कराराच्या पुरवणीत आहे. तू वाचली नसशील." ते जरा ओशाळले. वाचण्याखेरीज आपल्याला काही येत नाही, हे त्यांना ह्याही वेळी जाणवलं. "मालकानं सगळ्यांना, कायमची, बिनशर्त परवानगी दिली, तर ती खूण उरतच नाही. खूण नाही, तर माशीला अधिकार नाही. त्याच क्षणी सगळीकडच्या माश्या खाली बसतात. आवाजाची, पडद्यावरची नक्कल होते, म्हणून परवानगी हातानं लिहून टपालानंच धाडायची, कुणाच्याही नावे. पोस्टाचा शिक्का पडला, की नोंद झाली आणि लागू."

सम्मेद थांबला. "सगळ्यांना म्हणजे? त्या मोंबासाच्या खुन्यांनाही?"

"त्यांनाही."

"उद्या बाजारात वीस टिटव्या येतील. त्यातल्या पाच फुटतील. लोक मरतील, आण्णा! आपल्या नावावर!"

"मरतील कदाचित," नेमिनाथ म्हणाले. "ते मला खोडता येत नाही. पण ते नकली भांडं कुणीतरी केलेलं असेल. ह्या माश्या आपण पाठवल्या. वेळ मी सांगितली."

"आणि कारखाना? तीनशे घरं? आजोबांनी आयुष्य घातलं त्या पाखरात!"

नेमिनाथांनी खिशातून कागद काढला. ते लिहू लागले तसा सम्मेदनं कागद हिसकावला आणि फाडला. त्यांनी दुसरा घेतला. सम्मेदनं त्यांच्या तोंडात मारली.

चष्मा भिंतीवर आपटला. म्हातारे नेमिनाथ पोत्यांवर कोसळले, ओठातून रक्त आलं. सम्मेद स्वतःच्या हाताकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं तो हात वडिलांच्या गळ्याशी नेला, कॉलर धरली आणि गदागदा हलवलं. "माझ्या डोळ्याचं काय, आण्णा? त्याला काहीच किंमत नाही का? सांगा ना! एकदा तरी सरळ सांगा!"

"तुझा डोळा," नेमिनाथ धापा टाकत म्हणाले, "रोज दिसतो मला. म्हणून तर चार वर्षं गप्प बसलो. त्या गप्प बसण्यानं तुझा डोळा आला नाही परत, बाळ. आज तिची बहीण गेली."

"कुणाची?"

तेव्हा त्यांनी पत्राचं सांगितलं.

सम्मेदनं कॉलर सोडली. मदत केली नाही, पण अडवलंही नाही. चष्म्याची एक काच शाबूत होती. ती डोळ्याशी धरून नेमिनाथांनी लिहिलं. ह्या वेळी त्यांनी काही खोडलं नाही.

"जुवेनाबाई, तुमच्या पत्राचं उत्तर हो असं आहे. पाखरू तुम्ही वापरा. जगात ज्याला वापरायचं असेल त्यानं वापरावं, कायमचं, कुठल्याही अटीशिवाय. खाली माझी सही आहे, खूण माझ्या नावावर आहे. काल तुमच्याकडे चहा प्यायला तो म्हातारा मीच. चुली दिवस मावळल्यावर थंड असतात, असं मीच सांगितलं होतं. तुमची बहीण त्यामुळे गेली. पोलिसांना हे पत्र दाखवा. मी गोदामात आहे. नेमिनाथ मगदूम."

सकाळी गावावर जळक्या रबराचा वास होता. कासमअली म्हणाले, "रस्त्यावर जाऊ नका, शेठ. फाडून टाकतील." नेमिनाथ शटरखालून वाकून बाहेर पडले. थोडं चालल्यावर मागे पावलं वाजली. सम्मेद येत होता. हातात लोखंडी गज.

"मला तुमचं पटलेलं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी मारू नये, एवढ्यासाठी येतोय."

"गज टाक."

"नाही टाकणार."

चौकात तिघाचौघांनी त्यांना ओळखलं. एक जण थुंकला. एक वीट सम्मेदच्या खांद्यावर बसली. त्यानं गज उचलला, वडिलांकडे पाहिलं, आणि परत खाली केला. दुसरी वीट नेमिनाथांच्या पाठीत बसली. ते पडले. सम्मेदनं त्यांना काखेत हात घालून उठवलं, आणि पोस्टाच्या पायऱ्यांपर्यंत स्वतःचं अंग मध्ये धरून नेलं. त्याच्या भुवईतून रक्त वाहून चांगल्या डोळ्यात उतरत होतं. नेमिनाथांनी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं.

खिडकीमागच्या पोस्टातल्या बाईनं दोघांकडे पाहिलं. रक्त पाहिलं. पाकीट हातात घेऊन पत्ता वाचला.

"हे तर इथलंच आहे," ती म्हणाली. "चालत गेलात तर दहा मिनिटं लागतील. पोस्ट कशाला?"

"पोस्टानंच जायला हवं," नेमिनाथ म्हणाले. इंग्रजी शब्द ह्या वेळी सापडले.

तिनं तिकीट चिकटवलं आणि शिक्का शाईवर दाबला.

"आण्णा," सम्मेद हळूच म्हणाला. "अजून परत घेता येईल. एकदा पडला, की मग आपलं काहीच नाही."

नेमिनाथांनी त्याचा हात धरला. रात्री तोंडात बसलेला तोच हात. मग त्यांनी खिडकीतल्या बाईकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

शिक्का पडला. बाईनं पाकीट उचललं आणि मागच्या पिशवीत टाकलं.